पहिला आकडा आणि पुरता हिशेब



आपल्या बैहर तहसिलीत रेल्वे नाही. कोणाला दूर जावयाचे असले की प्रथम बालाघाट किंवा गोंदिया गाठावे, तेथून नागपूर, आणि मग पुढचे जग. तरीही आपल्याच घरांतील मुलेमुली आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीस आहेत व त्यांतील एखादे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत पोचले आहे. दोन-तीन वर्षे लोटली की तिकडून निरोप येतो, "आईबाबांनी एकदा यावे. मी सुटी काढते, मोटार भाड्याने घेऊ आणि आठ दिवस देश पाहू." अशा निरोपाने घरात दिवाळी होते व ते योग्यच आहे. मुलांनी आईवडिलांस बोलवावे, आपण जेथे राहतो ते दाखवावे, यासारखे समाधान दुसरे नाही. या आनंदास हिशेबाची जोड कशी द्यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अशाच एका घरचा बेत अलीकडे मजपुढे आला. लेक टेक्सास राज्यात रुग्णालयात परिचारिका आहे, तिला चार वर्षांची मुलगी आहे. आईवडील साठीच्या घरातले. सोबत जाणारा भाऊ तेवीस वर्षांचा असून त्याला गाडी चालविण्याची हौस आहे. सर्वांनी लॉस एंजेलिसला भेटावयाचे, रात्री उतरताच विमानतळावर मोटार ताब्यात घ्यावयाची, पहाटे लास व्हेगासकडे निघावयाचे, दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यनची प्रचंड दरी पाहावयाची, तेथून सॅन फ्रान्सिस्को गाठावयाचे आणि पाचव्या दिवशी विमानाने लेकीच्या घरी जावयाचे, असा तो बेत. कागदाच्या तळाशी दोन आकडे लिहिले होते, एक विमानाच्या तिकिटांचा, दुसरा मोटारीच्या दररोजच्या भाड्याचा. या दोन आकड्यांवर विसंबून घरातील धानाचे पैसे मोडावयाचे व उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावयाचे ठरत होते.

हे दोन्ही आकडे खोटे नव्हते, पण ते पहिले आकडे होते. परदेशप्रवासात पहिला आकडा दुकानाच्या पाटीसारखा असतो. ग्राहकाने आत यावे म्हणून तो लावलेला असतो. पुरता हिशेब आत गेल्यावर कळतो, आणि तो आत जाण्यापूर्वीच समजून घेणे हे घरकर्त्याचे काम आहे.

आधी व्हिसा, मग तिकीट

पहिली गोष्ट क्रमाची. आपल्या शेजारी कान्हाचे जंगल आहे. मुक्कीच्या फाटकाशी दरवर्षी काही पाहुणे दुरून मोटार घेऊन येतात आणि मग त्यांस कळते की प्रवेशाचे परवाने आधीच भरले आहेत, खाजगी गाडी आत जात नाही आणि बुधवारी दुपारनंतर फेरी नसते. खोलीचे भाडे, पेट्रोल, रजा, सारा खर्च झालेला असतो. राहिलेला असतो तो फक्त परवाना. अमेरिकेच्या प्रवासात व्हिसाचे स्थान या परवान्याचे आहे. तो हाती येईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशांचे तिकीट काढू नये, असे त्या देशाचे परराष्ट्र खातेच अर्जदारांस सांगत असते.

फिरावयास जाणाऱ्यांच्या व्हिसाचे मूळ शुल्क जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. त्यात नवी भर पडली आहे काय हे अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच पाहावे. मुंबईचा अमेरिकन वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेथील अधिकारी प्रत्यक्ष प्रश्न विचारून निर्णय करतो. "माझी आत ओळख आहे, व्हिसा हमखास मिळवून देतो" असे म्हणणारा दलाल भेटला तर त्यास पाणी पाजावे व निरोप द्यावा. अशी हमी कोणासही देता येत नाही. मुलाखतीत खरे तेच सांगावे. लेक तेथे नोकरी करते हे लपविण्याचे कारण नाही. व्हिसा मिळाला तरी तेथे किती दिवस राहता येईल हे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. फिरावयास आलेल्यांस तो बहुधा सहा महिन्यांपर्यंत मुदत देतो. व्हिसावरची तारीख ही मुक्कामाची मुदत नव्हे.

नावाकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर एकच शब्द असतो, आडनाव नसते. अशा वेळी अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू" ही तीन अक्षरे छापतात. पहिले नाव अज्ञात, एवढाच त्यांचा अर्थ. ती पाहून घाबरू नये, परंतु तिकीट काढताना नाव कसे लिहावयाचे हे विमान कंपनीस विचारून घ्यावे. तिकिटावरील नाव व पासपोर्टावरील नाव जुळले पाहिजे. "घरी सगळे मला आक्का म्हणतात" हे कारण खिडकीवर चालत नाही.

एकच तिकीट, एकच जबाबदारी

आता विमानाचा आकडा पाहू. बेतातील तिकिटे स्वस्त होती, कारण ती तुकड्यातुकड्यांनी जोडली होती. नागपूर ते मुंबई एका कंपनीचे, मुंबईपासून आखाती देशातील एका शहरापर्यंत दुसऱ्या कंपनीचे आणि पुढे तिसऱ्या कंपनीचे. नागपूरला धुके पडले व पहिले विमान तीन तास उशिरा सुटले तर काय होईल? दुसरी कंपनी म्हणेल की तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट बुडाले. सर्व टप्पे एकाच तिकिटावर असले म्हणजे मधले विमान चुकल्यास पुढच्या विमानात बसवून देण्याचा भार कंपनीवर येतो व पेट्याही बहुधा पुढेपर्यंत पोचत्या होतात. तुकड्यांची तिकिटे चार पैसे वाचवितात, पण धोका सर्व प्रवाशाच्या पदरात टाकतात. साठीच्या आईवडिलांसाठी तरी हा सौदा करू नये.

पेट्यांविषयी आणखी एक. अमेरिकेत ज्या शहरी प्रथम उतराल, तेथेच सामान्यतः सामान स्वतः उचलून जकातीच्या तपासणीतून न्यावे लागते आणि मग पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. पासपोर्टची रांग, सामान, तपासणी, पुन्हा सुरक्षेची रांग, एवढे सारे दीड तासात होईल असे धरून पुढचे विमान घेऊ नये. तीन-चार तासांचे अंतर ठेवावे.

या बेतात एक शहाणपण मात्र होते आणि ते लेकीचे. उतरावयाचे लॉस एंजेलिसला व महिन्याभराने परतावयाचे तिच्या टेक्सासमधील गावाहून, असे तिने योजिले होते. जाण्याचे शहर एक व परतण्याचे दुसरे असे तिकीट एकत्र काढता येते, आणि ते दोन स्वतंत्र एकेरी तिकिटांपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. पुन्हा मागे जाण्याचा शीणही वाचतो.

अमेरिकेस जाणाऱ्या किंवा तेथून सुटणाऱ्या विमानांस तेथील सरकारचा एक उपयुक्त नियम लागू आहे. उड्डाणास सात दिवस किंवा अधिक अवकाश असताना कंपनीकडूनच थेट तिकीट काढले, तर चोवीस तासांत ते रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याची अथवा तेवढा वेळ भाव राखून ठेवण्याची सोय कंपनीने द्यावी लागते. दलालाकडून घेतलेल्या तिकिटास ही सोय मिळेलच असे नाही. म्हणून तिकीट निघाले की तो दिवस मावळण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून नाव, तारीख, शहर पुन्हा वाचावे.

मोटारीचा करारनामा

मोटार भाड्याने घेणे म्हणजे आपल्याकडे गोंदियास जावयास जीप ठरविणे नव्हे. आपल्याकडे गाडीबरोबर चालक येतो, आणि गाडीस काही झाले तर त्याची चिंता मालक व चालक वाहतात. तिकडे चावी आपल्या हाती देतात आणि चावीबरोबर सारी जबाबदारीही. म्हणून ज्या कागदावर सही करावयाची तो कागद वाचल्यावाचून सही करू नये.

प्रथम वय. बहुतेक कंपन्या एकवीस वर्षांखालील माणसास गाडी देत नाहीत, आणि पंचवीस वर्षांखालील चालकासाठी दररोज जादा आकार घेतात. आपल्या तेवीस वर्षांच्या भावाने चालवावयाचे ठरले तर भाड्याचा पहिला आकडा तेथेच वाढतो. शिवाय ज्याचे नाव करारात चालक म्हणून लिहिले आहे त्यानेच चालवावे. "थोडा वेळ मी घेतो" म्हणून दुसरा बसला व अपघात झाला तर विमा हात वर करतो.

नंतर परवाना. मूळ लायसन जवळ असलेच पाहिजे, आणि ते वर्षभराहून जुने असावे अशी पुष्कळ कंपन्यांची अट असते. त्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे भारत तो देतो. नमुना ४-अ भरून, १,००० रुपये शुल्क देऊन, आपल्या बालाघाटच्या परिवहन कार्यालयातून तो मिळतो व त्याची मुदत एक वर्ष असते. हा परवाना मूळ लायसनच्या जागी चालत नाही, त्याचा अर्थ परक्या अधिकाऱ्यास समजावा एवढ्यासाठीच तो असतो. दोन्ही सोबत ठेवावीत.

तिसरे, क्रेडिट कार्ड. गाडी घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचे कार्ड मागतात व त्यावर भाड्याखेरीज अनामत रक्कम अडकवून ठेवतात. गाडी परत केल्यावर ती सुटते, पण तत्काळ सुटतेच असे नाही. त्याच कार्डावर पुढील आठ दिवसांचे जेवणखाण चालवावयाचे असेल तर वाटेत पंचाईत होते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमा. येथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एकच समजल्याने कुटुंबे अडचणीत येतात. एक संरक्षण भाड्याच्या मोटारीच्या नुकसानीचे. दुसरे, आपल्या हातून दुसऱ्या माणसास इजा झाली तर त्याच्या भरपाईचे. पहिले घेतले म्हणजे दुसरे आलेच असे नाही. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून दुसऱ्या प्रकारच्या विम्याची कायदेशीर किमान मर्यादा वाढविली. ती आता एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर आहे. ऐकावयास हे मोठे वाटते. परंतु त्या देशात शस्त्रक्रिया व रुग्णालयातील मुक्काम एवढे महाग आहेत की एका गंभीर इजेचा खर्च या मर्यादेस सहज ओलांडतो, आणि वरची रक्कम चालविणाऱ्याकडून मागितली जाऊ शकते. आपल्या येथील मोटारीचा विमा तेथे उपयोगी नाही. म्हणून दुसऱ्यांच्या भरपाईचे जादा संरक्षण घ्यावे, आणि ते भाड्याचाच भाग आहे असे समजून आधीच हिशेबात धरावे. आईवडिलांसाठी प्रवासातील आजारपणाचा विमाही अवश्य घ्यावा. पूर्वीपासून असलेल्या मधुमेह-रक्तदाबासारख्या दुखण्यांस तो किती लागू आहे हे विचारून घ्यावे. लेक परिचारिका आहे. हे कलम तिच्याकडूनच वाचून घ्यावे.

आणखी लहानसहान गोष्टी आहेत. गाडी एका शहरी घेऊन दुसऱ्या शहरी सोडली तर त्याचा वेगळा आकार पडतो, आणि आपल्या बेतात तो होताच. चार वर्षांच्या बालिकेसाठी वेगळे आसन कायद्याने लागते. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालील मुलास मागच्या बाजूस अशा आसनावरच बसवावे लागते. हे आसन भाड्याने घेतल्यास त्याचे रोजचे पैसे, घरून आणल्यास ते फुकट. टोलनाक्यावर रोख पैसे घेणारा माणूस पुष्कळ ठिकाणी उरलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख टोल घेतच नाहीत, गाडीच्या क्रमांकावरून आकारतात. भाड्याची गाडी असेल तर तो कंपनीकडे जातो व ती त्यावर आपला आकार चढविते. आपल्या फास्टॅगसारखी कोणती सोय गाडीत आहे व तिचे रोज किती, हे चावी घेतानाच विचारावे. टाकी भरून मिळाली तर भरूनच परत करावी. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचे ओरखडे मोबाईलवर टिपून ठेवावेत. परत करतानाही तसेच करावे.

पाच माणसांच्या पेट्या मागे मावतील काय, हा प्रश्न तर कोणीच विचारीत नाही. पाच आसनांच्या गाडीत पाच माणसे बसतात, पण सात मोठ्या पेट्या बसत नाहीत.

रस्ता, रात्र आणि झोप

आता ज्या गोष्टीचा आकडा कोणत्याच कागदावर नसतो ती सांगतो. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास पोचल्या आणि त्याच महिन्यात आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास हजर राहिल्या. पुढे जवळजवळ तीन वर्षे त्यांनी तो देश आगगाडीने पालथा घातला व १८८९ मध्ये मराठीत त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या दोघींचे हाल पुष्कळ झाले, पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. जहाज सावकाश चाले, म्हणून दिवसरात्रीचा बदल शरीरास रोज थोडा थोडा पचे. आज आपण एका दिवसात पोचतो. लॉस एंजेलिसचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास असते, म्हणजे जवळजवळ आपली रात्र तो त्यांचा दिवस. पासपोर्टवर शिक्का बसला तरी शरीर अजून बैहरातच असते. तेथील दुपारी त्यास मध्यरात्रीची झोप येते. हा बदल पूर्ण भरून निघण्यास अनेक दिवस लागतात.

आता बेत पुन्हा वाचा. दीड दिवसाच्या प्रवासानंतर रात्री उतरावयाचे, परक्या शहरात, रस्त्याच्या उजव्या बाजूने, डावीकडे सुकाणू असलेली अनोळखी गाडी तेवीस वर्षांच्या तरुणाने चालवावयाची आणि पहाटे पुन्हा निघावयाचे. मागच्या आसनावर आई, वडील, बहीण आणि भाची. या क्षणी त्या घराचे सर्वस्व त्या गाडीत असते. स्वस्त तिकीट रात्री पोचविणारे होते म्हणून हा बेत तसा झाला. वाचलेले पैसे आणि पत्करलेला धोका यांचे वजन कोणीच केले नव्हते.

अंतरेही पाहा. लॉस एंजेलिस ते लास व्हेगास सुमारे २७० मैल, तेथून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २८० मैल आणि तेथून सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ ८०० मैल. मैल म्हणजे १.६ किलोमीटर हे ध्यानात घ्या. एकूण २,१०० किलोमीटरांहून अधिक होतात. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. तो तीनदा पार करावा एवढे हे अंतर, आणि तेही पाच दिवसांत, मध्ये दरी पाहावयाची ती वेगळीच. गांगुलपाऱ्याचा घाट उतरताना चालकास डुलकी लागत नाही, कारण दर वळणास हात हलवावा लागतो. सरळ, रुंद, रिकाम्या रस्त्यावरच डोळा लागतो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून ही चर्चा आपण वारंवार ऐकली. अमेरिकेच्या वाळवंटातील रस्ते असेच सरळ आहेत.

ते रस्ते फार चांगले आहेत यात शंका नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी २९ जून १९५६ रोजी सही केलेल्या कायद्याने त्या देशव्यापी महामार्गांची उभारणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. त्यांचे क्रमांकही सोयीचे आहेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांस सम, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांस विषम. आपल्या राष्ट्रीय महामार्गांची २०१० ची पद्धत नेमकी याच्या उलट आहे, म्हणून नकाशा पाहताना घोटाळा होऊ नये. वेगाची पाटी मैलांत असते. मुलांची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवीत थांबली की मागच्यांनी थांबावेच, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही. पोलिसांनी मागून दिवे दाखविले तर गाडी उजवीकडे घेऊन थांबवावी, आतच बसावे, हात सुकाणूवर दिसतील असे ठेवावेत. आपल्याकडे उतरून साहेबांकडे जाणे हा आदर समजतात. तेथे त्याचा अर्थ वेगळा घेतला जातो.

फाटकावरचे शुल्क आणि पेटीतला तांदूळ

दोन गोष्टी शेवटी सांगतो, कारण त्या नव्या किंवा अपरिचित आहेत. १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह अमेरिकेतील अकरा गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पाहुण्यांकडून नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर घेतले जातात. त्याऐवजी परदेशीयांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे. आईवडील व भाऊ मिळून तिघांचे ३०० डॉलर होतात, तेव्हा कोणता मार्ग परवडतो ते निघण्यापूर्वी ताडून पाहावे. लेक तेथील रहिवासी आहे. तिने आपले तेथील सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे. यात रागावण्यासारखे काही नाही. ताजमहालच्या दारातही परदेशी माणसाचे तिकीट आपल्यापेक्षा कितीतरी महाग आहे.

दुसरी गोष्ट मातांसाठी. लेकीकरिता आपल्या बालाघाटचा चिन्नोर तांदूळ न्यावा असे कोणत्याही आईस वाटेल. २०२१ मध्ये त्यास भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा सुवासही तसाच आहे. परंतु भारतातून प्रवाशाने पेटीत तांदूळ नेण्यास अमेरिकेत बंदी आहे. धान्यातील खापरा भुंगेऱ्याची त्या देशास भीती आहे. बियाणे व ताजी फळे यांचीही तीच गत. जे काही खाण्याचे न्याल ते जकातीच्या अधिकाऱ्यास आपण होऊन सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपविलेल्या वस्तूबद्दल दंड होतो. चिन्नोर घरीच ठेवावा आणि लेक सुटीवर येईल तेव्हा तिला रांधून वाढावा.

बेत कसा सुधारला

त्या घराने बेत मोडला नाही. त्यांनी तो सुधारला, व सुधारलेला बेत इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देतो. तिकीट एकच काढावयाचे व ते व्हिसा हाती आल्यावर. विमान दुपारी पोचणारे घ्यावयाचे, मग ते थोडे महाग असले तरी. पहिल्या दोन रात्री लॉस एंजेलिसमध्येच विश्रांती व मोटार तिसऱ्या दिवशी सकाळी शहरातून घ्यावयाची. विमानतळावरील जादा आकारही त्यामुळे बहुधा वाचतो. चालविणार लेक, कारण तिला तेथील रस्त्याची सवय आहे. भावाने शेजारी बसून नकाशा पाहावा व तिला जागे ठेवावे. एका दिवसात २५० ते ३०० मैलांपेक्षा अधिक जावयाचे नाही, सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाची नाही. सॅन फ्रान्सिस्को या खेपेस गाळले. ग्रँड कॅन्यन पाहून लास व्हेगासला परतावे, मोटार तेथेच सोडावी आणि तेथून विमानाने टेक्सासला जावे. रविवार आला तर त्या दिवशी जवळच्या देवळात मिस्सा ऐकावी व गाडी उभीच ठेवावी. रविवारच्या विश्रांतीची आज्ञा चालविणाऱ्या हातांसही लागू आहे.

मग सर्व आकडे एकाखाली एक लिहिले. व्हिसा, तिकीट, भाडे, दोन्ही प्रकारचे विमे, गाडी दुसऱ्या शहरी सोडण्याचा आकार, टोल, पेट्रोल, बालिकेचे आसन, उद्यानाचे शुल्क, मुक्काम, जेवण आणि अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम. बेरीज पहिल्या दोन आकड्यांहून बरीच मोठी झाली. पण ती आता खरी होती. वडिलांनी ती पाहून कर्जाचा विचार सोडला व प्रवास पुढच्या वर्षीच्या धानानंतर करावयाचे ठरविले. लेकीस वाईट वाटले, तरी तिनेही ते मान्य केले.

ज्या मुलांनी आईवडिलांस बोलाविले आहे त्यांस माझी एक विनंती आहे. खरा खर्च त्यांच्यापासून लपवू नका. "सगळे मी बघतो, तुम्ही फक्त या" हे शब्द प्रेमाचे आहेत, परंतु त्यामुळे मुलगा एकटाच रात्री कार्डाचे हप्ते मोजीत बसतो आणि आईवडील नकळत आणखी एक शहर मागतात. आईवडिलांसही विनंती आहे. मुलाने पाच शहरे दाखविली की दोन, यावरून त्याची माया मोजू नका. दिवसभर गाडी चालवून थकलेला मुलगा रात्री तुमच्याशी दोन शब्द बोलू शकत नाही, आणि तुम्ही तर त्यालाच भेटावयास गेला आहात.

ज्यांच्या घरी असा निरोप आला असेल त्यांनी वरील यादी वहीत उतरवून घ्यावी, प्रत्येक ओळीपुढे आकडा मांडावा आणि जेथे आकडा माहीत नसेल तेथे तो विचारून लिहावा. सर्व ओळी भरल्यावरच पहिला पैसा द्यावा. प्रवास सुखाचा होवो, आणि गेलेली सर्व माणसे सुखरूप परत येवोत.